जिंकणारा संघ आणि घडणारा खेळाडू

सायंकाळची उन्हे उतरली आहेत. पटांगणावर फक्कीच्या रेघा ताज्या आखलेल्या आहेत आणि चौदा वर्षांखालील मुलींच्या दोन संघांत व्हॉलीबॉलचा निर्णायक सेट चालू आहे. फलकावर दोन्ही बाजूंचे गुण तेरा-तेरा. अलीकडच्या संघात एक तेरा वर्षांची मुलगी आहे. अंगाने किरकोळ, उंचीने संघात सर्वांत ठेंगणी. चेंडू कोठे पडणार हे मात्र तिला इतरांच्या आधी उमगते. नुकतीच सर्व्हिस मिळवून संघाने बरोबरी साधली आहे. आता नियमाप्रमाणे प्रत्येकीने एकेक जागा सरकावयाची, म्हणजे या मुलीने मागची ओळ सोडून जाळ्यापाशी यावयाचे. तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणी ओरडतो, "अहो सर, तिला काढा आता! पुढं काय करणार ती?" प्रशिक्षक क्षणभर घोटाळतात आणि मग पंचांना बदलीची खूण करतात. ठेंगणी मुलगी बाहेर येऊन बाकावर बसते, तिच्या जागी एक उंच मुलगी आत जाते आणि पाहता पाहता हवे असलेले दोन गुण मिळवून देते. संघ जिंकतो. टाळ्या पडतात, चषकाबरोबर छायाचित्र निघते, आणि त्या छायाचित्रात ती ठेंगणी मुलगीही हसतमुखाने उभी असते.

हा प्रसंग कोणा एका गावचा अगर कोणा एका संघाचा नव्हे. जेथे म्हणून मुलांचे संघ आहेत आणि त्यांच्या स्पर्धा भरतात, तेथे तो रोज घडतो. त्यात कोणाचा अपराध झाला असेही म्हणता यावयाचे नाही. प्रशिक्षकांना संघ जिंकवायचा होता, पालकांना मुलींचे श्रम फळास यावेत असे वाटत होते, आणि मुलींनाही विजय हवाच होता. तथापि एक प्रश्न उरतो. सबंध हंगामात ती मुलगी जाळ्यापाशी किती वेळा उभी राहिली? आणि तिच्या जागी आत गेलेली उंच मुलगी मागच्या ओळीत किती वेळा खेळली? दोन्ही प्रश्नांचे उत्तर "एकदाही नाही" असे असेल, तर त्या चषकाची किंमत दोघी मुलींनी मिळून भरली आहे. आणि ती किती होती हे तीन-चार वर्षांनी कळावयाचे आहे.

ही किंमत समजून घेण्यासाठी या खेळाचा स्वभाव प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी वाय.एम.सी.ए. संस्थेचे व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली हा खेळ योजला, तो पोक्त वयाच्या व्यापारी मंडळींना बास्केटबॉलची दगदग सोसत नाही म्हणून. त्याच संस्थेच्या शिक्षकांनी तो आशियात पोहोचविला. मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० साली वाय.एम.सी.ए.च्या वतीने शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा खेळ भारतातील शाळांपर्यंत नेला. एक चेंडू, दोन खांब, एक जाळे आणि अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद एवढी सपाट जागा मिळाली की बारा जणांची सोय होते. आपल्याकडील शाळांना तो मानवला यात नवल नाही.

परंतु या साध्या दिसणाऱ्या खेळाच्या नियमांत एक मोठी शिकवण दडलेली आहे. येथे चेंडू हातात धरता येत नाही. फुटबॉलमध्ये कुशल खेळाडू चेंडू पायाशी खेळवीत एकटा पुढे जाऊ शकतो, बास्केटबॉलमध्ये तो आपटीत नेऊ शकतो. व्हॉलीबॉलमध्ये एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा स्पर्श करण्याचीसुद्धा सामान्यतः मुभा नाही. चेंडू तीन स्पर्शांत पलीकडे गेला पाहिजे, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या हाती आपले नशीब सोपवावे लागते. दुसरी गोष्ट चक्रगतीची. सर्व्हिस मिळविताच सहाही खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. आज पुढे असलेला उद्या मागे, आणि मागचा पुढे. बुटक्याला जाळ्यापाशी यावे लागते आणि धिप्पाडाला मागे वाकून चेंडू झेलावा लागतो. ज्याला जे येत नाही ते त्याच्याकडून करवून घ्यावयाचे, हा या खेळाचा मूळ धर्मच होय. शिक्षक दुर्लक्ष करील, पालक लाड करतील. पण हा नियम कोणाची गय करीत नाही.

प्रौढांच्या खेळात मात्र या नियमातून पळवाटा निघाल्या आहेत. बदली खेळाडूंची सोय आहे. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात 'लिबेरो' आला. तो केवळ मागच्या ओळीत चेंडू झेलण्यासाठी असतो, त्याला ब्लॉक करता येत नाही आणि जाळ्याच्या उंचीवरून हल्लाही चढविता येत नाही. अमेरिकेतील क्लबांच्या स्पर्धांत तर एका सेटमध्ये बारा बदल्या करता येतात. म्हणजे पुढच्या ओळीपुरती एक मुलगी आणि मागच्या ओळीपुरती दुसरी, असे जोडीचे काम सहज चालते. प्रौढ खेळाडूंच्या बाबतीत यात गैर काही नाही. वीस वर्षे खेळलेल्या माणसाने एका कामात निष्णात व्हावे, हे योग्यच आहे. पण हीच सोय बारा-तेरा वर्षांच्या मुलांना लागू केली म्हणजे ती पांगुळगाड्यासारखी होते. मूल पडत नाही हे खरे, पण चालावयासही शिकत नाही.

त्यातच लहान मुलांच्या व्हॉलीबॉलमध्ये एक विचित्र गोष्ट आहे, ती अशी की तेथे खेळ न खेळताच जिंकता येते. याचे कारण सोपे आहे. या खेळातील सर्वांत अवघड विद्या म्हणजे अंगावर वेगाने येणारी सर्व्हिस दोन्ही हातांच्या मनगटांवर घेऊन ती नेमकी लिफ्टरकडे वळविणे. ती साधावयास वर्षे लागतात. उलट चेंडू जोराने जाळ्यापलीकडे मारण्याची कला काही महिन्यांत येते. तेव्हा ज्या संघात दोन-तीन मुले जोरदार सर्व्हिस करणारी आहेत, तो संघ समोरच्यांना चेंडू उचलूच देत नाही आणि एकेका खेपेस आठ-दहा गुण सरळ मारून नेतो. आणि क्वचित चेंडू परत आलाच, तर अनुभवी प्रशिक्षकाची सूचना तयार असते: "पहिल्याच हाताला पलीकडे ढकला!" कारण तीन स्पर्शांचा घाट घातला तर दुसऱ्या स्पर्शाला चूक होते, तिसऱ्याला हटकून होते, आणि गुण जातो. चुकांचा हिशेब पाहता एका हाताने ढकलणे हेच फायद्याचे. अशा रीतीने पंचवीस गुणांचे दोन सेट जिंकून झाले तरी त्या मुलांनी पास दिलेला नसतो, चेंडू उचलून दिलेला नसतो, आणि उडी मारून स्मॅशही केलेला नसतो. सामना जिंकला, व्हॉलीबॉल राहून गेला.

याहून सूक्ष्म असा एक धोका निवडीचा आहे. तेराव्या वर्षी दिसणारी उंची ही पुष्कळदा उसनी असते. मुलींची वाढ सामान्यतः बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने होते. पण काहींची ती दोन वर्षे आधी होते तर काहींची दोन वर्षे मागाहून. एकाच वर्गातील दोन मुलांच्या शरीरवयात त्यामुळे चार वर्षांचेही अंतर पडू शकते. त्यात भर जन्ममहिन्याची. वयाची सीमारेषा १ जानेवारी धरली, तर जानेवारीत जन्मलेले मूल आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात खेळतात. कॅनडातील बर्फावरील हॉकीपटूंच्या जन्मतारखा १९८५ च्या सुमारास संशोधकांनी तपासल्या, तेव्हा वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा इतरांहून फार मोठा असल्याचे आढळून आले. पुढे अनेक खेळांत आणि अनेक देशांत तोच प्रकार दिसून आला. वर्षारंभी जन्मलेल्यांना देवाने अधिक गुण दिले होते असे नव्हे. लहानपणी ते थोडे थोर दिसले म्हणून निवडले गेले, निवडले गेले म्हणून त्यांना अधिक शिक्षण मिळाले, आणि शिक्षण मिळाले म्हणून ते खरोखरच पुढे गेले. ज्याला तेराव्या वर्षी "तुझ्यात काही नाही" म्हणून घरी पाठविले, तो सतराव्या वर्षी सहा फूट झाला तरी परत मैदानावर येत नसतो.

येथे प्रशिक्षकांवर सगळा दोष ठेवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत, तालुक्यापासून जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. एका पायरीवर हरणाऱ्या संघाचे वर्ष तेथेच संपते; पुढे सामने नाहीत आणि सामने नाहीत म्हणून उत्साहही नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण स्पर्धेच्या पातळीशी जोडलेले आहेत. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत आणि त्यांची वाटही प्रमाणपत्रांतूनच जाते. शाळेच्या कार्यालयात चषकांचे कपाट असते; "यंदा किती मुले घडली" याचे कपाट कोठेच नसते. ज्या गोष्टीचे मोजमाप होते तिच्यामागे माणसे धावतात, हा मनुष्यस्वभाव आहे. या धावण्याचे टोक म्हणजे वयाचे खोटे दाखले. भारतीय क्रीडाक्षेत्राची ही व्याधी इतकी जुनी आणि इतकी पसरलेली, की केंद्र सरकारला २०१० साली वयचोरीविरुद्ध स्वतंत्र राष्ट्रीय संहिता काढावी लागली. सोळा वर्षांच्या मुलाला चौदाचा म्हणून उभा करणारा मनुष्य चषक तर चोरतोच. पण त्याच वेळी एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा आणि त्या सोळा वर्षांच्या मुलाची सचोटी, या दोन्ही गोष्टी तो नासवून टाकतो.

आपल्याकडील जुन्या तालमींना हे शहाणपण ठाऊक होते. जाणता वस्ताद पोरसवदा पठ्ठ्याला उगाच जत्रेच्या फडात उतरवीत नसे. आधी जोर-बैठका, मग लढतीचा सराव, मग जोडीला जोड पाहून लहानशी कुस्ती. हौद्यात रोज चीत होणारा पठ्ठ्या त्याला बिनकामाचा वाटत नसे, कारण कोणत्या डावावर तो चीत होतो हे वस्ताद पाहत असे आणि दुसऱ्या दिवशी तोच डाव त्याच्याकडून घोटून घेत असे. पडणे हा तेथे शिकण्याचा भाग होता. खेळाडूचा दुबळेपणा झाकावयाचा नसून तो उघड्यावर आणून घालवावयाचा असतो, ही गोष्ट तालमीला समजली होती. व्हॉलीबॉलच्या पटांगणावर ती विसरली जाते, कारण तेथे शिकण्याचा दिवस आणि लढतीचा दिवस यांतील भेद पुसला जात आहे.

यावर एक शंका निघते आणि ती वाजवी आहे. जिंकण्याला काही किंमतच नाही काय? मुलांना हरावयास शिकवून ती मोठी होणार काय? याचे उत्तर स्वच्छ दिले पाहिजे. जिंकण्याची इच्छा ही खेळाचा प्राण आहे. गुण न मोजता खेळा असे मुलांना सांगितले, तर ती मनातल्या मनात मोजतात. तेवीस-तेवीस अशा अवस्थेत छातीत धडधडत असताना सर्व्हिस करावयाची, ती जाळ्यात गेली तर सोबत्यांकडे पाहावयाचे आणि पुढच्या चेंडूला पुन्हा सज्ज व्हावयाचे, हे शिक्षण कोणत्याही कवायतीने मिळत नाही. त्याला खरा सामना आणि खरी गुणसंख्या लागते. सदोदित हरणाऱ्या संघातील मुलेही खेळ सोडून जातात, हे विसरून चालणार नाही. म्हणून "जिंकणे की शिकणे" असा झगडा उभा करणे हेच मुळात चुकीचे आहे. खरा प्रश्न असा की, कोणते जिंकणे, कोणत्या वयात, आणि कशाच्या मोलाने? दुबळेपणा लपवून मिळविलेला विजय आणि तो घालवून मिळविलेला विजय, या दोहोंची नोंद फलकावर सारखीच होते. मात्र मुलाच्या अंगात त्यांची नोंद सारखी होत नाही.

जगातील काही उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. अमेरिकेचा कार्च किराय हा विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ पुरुष खेळाडूंपैकी एक म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने गौरविला. त्याने सहाव्या वर्षी वडिलांपाशी खेळ शिकण्यास आरंभ केला आणि अकराव्या वर्षी वडिलांनाच जोडीदार घेऊन समुद्रकिनाऱ्यावरील पहिली स्पर्धा खेळली. वाळूवर बाजूला दोनच माणसे; तेथे झेलणे, उचलणे, मारणे सगळे दोघांनाच करावे लागते आणि लपावयास जागा नसते. पुढे १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सुवर्णपदक मिळविले, त्या संघाचा तो आधार होता. तो मोठा स्मॅशर तर होताच. पण प्रतिपक्षाची सर्व्हिस झेलण्याचा भारही प्रशिक्षकांनी १९८४ च्या संघात मुख्यतः ज्या दोघांवर टाकला, त्यांतील एक तोच होता. मिस्टी मे-ट्रीनर ही महाविद्यालयात लिफ्टर होती. १९९८ साली तिच्या संघाने एकही सामना न हरता राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि नंतर तीच वाळूवरील दुहेरी खेळात २००४, २००८ व २०१२ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. आपल्या देशात केरळातील जिमी जॉर्जचे घर प्रसिद्ध आहे. तेथे आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळत आणि वडिलांनीच त्यांना खेळाची गोडी लावली. त्या घरातून निघालेला हा खेळाडू १९८२ च्या पुढे इटलीतील व्यावसायिक संघांत खेळला, आणि १९८६ साली सोल येथील आशियाई स्पर्धांत भारताने कांस्यपदक मिळविले त्या संघातही तो होता. एवढ्यावरून एखादा सिद्धान्त मांडावा असे नाही. पण ज्यांची कोवळ्या वयात सगळी अंगे तयार झाली, त्यांना पुढे कोणत्याही एका अंगात पारंगत होता आले, एवढे या चरित्रांवरून दिसते.

काही देशांनी तर या बाबतीत नियमच केले आहेत. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळाचे नियम ठरविले आणि २००७ साली ते सुधारले. त्यांनुसार मूल ज्या वर्षी अकरा वर्षांचे होते तोपर्यंत निकालांचे तक्ते आणि क्रमवारी लावावयाची नाही, आणि तेराव्या वर्षापूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. असे लाड केल्यास पुढे मुले लढावयाची नाहीत, अशी भीती कोणास वाटेल. पण त्याच छोट्या देशाच्या आंदेर्स मोल आणि क्रिस्तियान सोरुम या जोडीने २०२१ साली टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये वाळूवरील व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक पटकाविले. जपानची कथा अधिक बोलकी आहे. कठोर सरावासाठी जो देश जगात ओळखला जातो, ज्याच्या महिला संघाने १९६४ साली व्हॉलीबॉलचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, त्याच देशाच्या ज्यूदो महासंघाने २०२२ साली प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. काहीही करून जिंकलेच पाहिजे ही वृत्ती कोवळ्या मुलांत फोफावत आहे, हे त्याचे कारण महासंघाने उघडपणे दिले. ज्यूदो ही ज्यांची स्वतःची विद्या, त्यांनी हे पाऊल टाकावे यास अर्थ आहे.

मग आपल्या संघांनी प्रत्यक्षात काय करावे? याचे उत्तर वयाप्रमाणे निरनिराळे आहे, आणि ते हंगामाच्या आरंभीच ठरले पाहिजे. बारा वर्षांपर्यंत सहा-सहांचा खेळच नको. १९६० च्या दशकात पूर्व जर्मनीत लहान मुलांसाठी 'मिनी व्हॉलीबॉल' आकारास आला आणि पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेनेही त्याचा पुरस्कार केला. छोटे मैदान, खाली बांधलेले जाळे, हलका चेंडू आणि बाजूला तीन-चार मुले, हे त्याचे स्वरूप. त्यातील गणित कोणासही पटेल. बारा मुले एका मैदानावर सहा-सहा खेळली, तर एका चेंडूवर बारा जणांचा वाटा. तीच बारा मुले तीन छोट्या मैदानांवर दोन-दोनांच्या जोड्यांनी खेळली, तर एका चेंडूवर चौघांचाच. तितक्याच वेळात प्रत्येकाच्या हाताला चेंडू साधारण तिप्पट लागतो. यास खर्च म्हटला तर दोन चेंडू आणि दोन दोऱ्या.

तेरा ते पंधरा या वयात सामने खरे असावेत आणि गुणही मोजावेत. पण संघाच्या आत काही करार असावेत. सामन्याच्या पहिल्या सेटमध्ये प्रत्येकाने खेळावे आणि चक्रगतीत मिळेल त्या जागी खेळावे. लिबेरो घेऊ नये. चेंडू उचलून देण्याचे काम एकाच मुलाला जन्मभरासाठी लावून न देता निदान दोघांनी आळीपाळीने करावे. सर्व्हिस डोक्यावरूनच करावी आणि ती चुकली तर कोणी रागावू नये. तीन स्पर्श पूर्ण करताना गेलेल्या गुणाबद्दल शाबासकी द्यावी आणि एका हाताने ढकलून मिळालेल्या गुणाबद्दल गप्प बसावे. मुलांना एवढे पुरते. शरीराचाही विचार हवा. वाढीच्या वयात गुडघ्याखालील स्नायुबंध आणि हाड यांवर उड्यांचा ताण पडतो. उंच मुलाला प्रत्येक सामन्यात, प्रत्येक गटात आणि प्रत्येक सेटमध्ये स्मॅश करावयास उभा करणारा संघ त्याचा गुडघा आगाऊ खर्च करून टाकतो. जे मूल गुडघा दुखतो असे सांगते, त्याला त्या दिवशी विश्रांती मिळालीच पाहिजे; मग सामना अंतिम का असेना.

सोळाव्या वर्षानंतर चित्र बदलावे. आता निवड होऊ द्यावी, जागा कमवाव्या लागू द्याव्यात, आणि जिंकण्यासाठी जो संघ योग्य तोच मैदानात उतरवावा. या वयात सर्वांना समान वेळ देणे हाही एक प्रकारचा खोटेपणाच होईल. फक्त बाकावर बसणाऱ्याला आपण का बसलो आणि काय साधले म्हणजे आत जाऊ, हे सरांच्या तोंडून स्पष्ट कळले पाहिजे. पाया भरल्यावर कळस चढवावयास हरकत नाही. हरकत आहे ती पाया न भरताच कळसाचे छायाचित्र काढण्याला.

हे सगळे प्रशिक्षकाने एकट्याने करावयाचे म्हटले तर ते व्हावयाचे नाही, कारण त्याच्या पाठीशी मैदानाबाहेर उभे असलेले लोक असतात. पहिल्याच बैठकीत पालकांना बोलावून या गटात यंदा काय साधावयाचे आणि काय नाही हे सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. नाहीतर तेरा-तेरा गुण असताना उठणारा एक आवाज महिन्यांची शिकवण उधळून लावतो. पालकांच्या हातात आणखीही एक गोष्ट आहे, आणि तिला पैसा लागत नाही. मूल घामाघूम होऊन घरी आले म्हणजे दारातच पहिला प्रश्न होतो, "काय रे, जिंकलात का?" त्याऐवजी "आज नवीन काय जमलं?" असे विचारून पाहावे. जिंकल्याची बातमी ते मूल आपण होऊन सांगेलच. ती कोणाच्या पोटात राहत नाही. पण "आज पहिल्यांदा मी ब्लॉकला गेले आणि चेंडू हाताला लागला" ही बातमी विचारल्याखेरीज बाहेर येत नाही, आणि न विचारल्यास ती बातमी आहे हेही मुलाला कळत नाही.

आता पुन्हा त्या पटांगणाकडे वळावे. तीन वर्षे गेली आहेत असे समजावे. उंच मुलीची उंची तेराव्या वर्षी होती तेवढ्यावरच थांबली आहे. बाकीच्या तिच्याएवढ्या झाल्या आहेत, आणि सर्व्हिस झेलता येत नाही म्हणून मागच्या ओळीत तिला कोणी ठेवीत नाही. ठेंगणी मुलगी मागाहून भरभर वाढली आहे; चेंडू कोठे पडणार हे तिला आजही इतरांच्या आधी कळते, परंतु जाळ्यापाशी पाऊल कसे टाकावे आणि हात कधी उचलावा हे तिच्या अंगवळणी पडलेलेच नाही. दोघींपाशी एका चषकाचे छायाचित्र तेवढे आहे.

किंवा असे समजावे की त्या सायंकाळी आवाज उठला, सर क्षणभर घोटाळले, आणि त्यांनी पंचांना खूण केली नाही. ठेंगणी मुलगी जाळ्यापाशी आली. समोरून स्मॅश आला, तिने उडी मारली, चेंडू तिच्या बोटांवरून गेला आणि गुण गेला. पुढचाही गेला. संघ तेरा-पंधरा असा हरला आणि छायाचित्र निघाले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सरावाला ती मुलगी अर्धा तास आधी आली, आणि भिंतीपाशी उभी राहून, हात वर करून, उड्या मारू लागली.